अक्षरांनी हसू नये

‘दातांचा दवाखाना’ हे दोन शब्द कागदावर जरा ठसठशीत लिहून पाहा. वरची शिरोरेघ म्हणजे हिरडी. तिच्यातून खाली उतरलेली अक्षरं म्हणजे वरची दंतपंक्ती, आणि काने म्हणजे सुळे. देवनागरीत थ, ध आणि भ यांच्या डोक्यावर रेघ तुटते. नशिबानं या शब्दांत त्यांतलं एकही नाही, त्यामुळे हिरडी अखंड. आता दुसऱ्या शब्दातलं ‘वा’ खोडा. रेघ मात्र तशीच राहू द्या.

वीसेक वर्षांपूर्वी हे मला रात्री अकराला सुचलं, तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मनासारखं काही जमलं की मला तहान लागते. काळी पाटी, पांढरी अक्षरं, मधे एका दाताची फट, खाली फोन नंबर. चित्राची गरजच नव्हती. वाचणारा अडखळणार, ‘द… खाना?’ म्हणणार आणि मग त्याची जीभ नकळत स्वतःच्याच दातांवरून फिरणार. एवढीच माझी अपेक्षा होती.

डॉक्टर आराखडा पाहून खळखळून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “मॅडम, कल्पना छानच आहे हो, पण लोकांना वाटेल पेंटरनं अक्षर खाल्लं. आणि पडलेला दात पाहून पेशंट आत यायचा कशाला?” त्यांच्या मेव्हण्यांनी दुसरी कल्पना दिली होती. गोबऱ्या गालांची एक दाढ, तिला डोळे, डोळ्यांवर गॉगल, हातात ब्रश, आणि ती हसते आहे. शेजारी ‘हसा’ आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. मी निमूटपणे ती पाटी करून दिली. पैसे वेळेवर मिळाले, हेही सांगायला हवं.

ती दाढ पुढे कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर हसत होती. तिच्याकडे पाहून दुसरं कुणी हसलेलं मात्र मला दिसलं नाही.

लोकांना हसवायचं तर पाटीनं स्वतः हसून चालत नाही. एवढं साधं वाक्य कळायला मला बराच काळ लागला, पण त्याचे धडे माझ्या नकळत फार आधी सुरू झाले होते. शाळेत गणिताच्या पुस्तकात शि. द. फडणिसांची चित्रं होती. त्या विषयाची मला धास्ती होती, आणि तरीही ते पुस्तक मी नवं मिळाल्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहून काढायची. वाचायची नाही, पाहायची. पुढे मामांच्या माळ्यावर, ट्रंकेत, ‘हंस’ आणि ‘मोहिनी’चे जुने अंक सापडले. फडणीस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, आणि या मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांच्याकडून मुखपृष्ठं करून घेतली. त्यातलं १९५२ सालचं ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ मराठी घरांत पुष्कळांना आठवत असेल. एक तरुण आणि एक तरुणी. त्याच्या शर्टाच्या कापडावर मांजरांची नक्षी, तिच्या साडीवर उंदरांची. संपलं. चित्राखाली ओळ नाही.

या चित्रासमोर मी एक कारागीर म्हणून पुन्हापुन्हा बसते. चित्रात माणूस दिसला की आपली नजर आधी चेहऱ्यावर जाते. कापडावरची नक्षी ही तर सगळ्यांत दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट. ती जागा भरायला असते. फडणिसांनी सगळी गोष्ट नेमकी तिथं, त्या दुर्लक्षित जागी नेऊन ठेवली. नजर चेहऱ्यांवरून घसरून साडीवर येते, साडीवरून शर्टावर जाते, मग चमकून पुन्हा चेहऱ्यांकडे वळते, आणि या फेऱ्यातच विनोद घडतो. तो कागदावर नसतोच, आपल्या येरझाऱ्यात असतो. बरं, मासिकाचं मुखपृष्ठ म्हणजे स्टॉलवर दोरीला टांगलेला कागद. समोरचा माणूस बसची वाट पाहत असतो, त्याला कुणी समजावून सांगायला तिथं उभं नसतं. तरी चित्र समजतं. फडणिसांच्या जगातली माणसं फार गंभीर असतात, आपण काही विचित्र करतो आहोत याची त्यांना खबरच नसते. हसायचं काम त्यांनी आपल्यावर सोपवलेलं असतं.

हाच गुण मला पुण्यातल्या पाट्यांत दिसतो. पुणेरी पाट्यांच्या भाषेबद्दल लोक भरभरून बोलतात, अक्षरांबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या जुन्या वाड्याच्या दिंडीवर पाटी होती: ‘येथे पत्ता विचारू नये. सांगितल्यास चुकीचा सांगितला जाईल.’ ती रंगवणाऱ्या पेंटरनं सूत धरून ओळी आखल्या होत्या. अक्षरं सगळी एका उंचीची, वेलांट्या मोजून मापून, आणि वाक्यांच्या शेवटी ठळक पूर्णविराम. कचेरीतल्या हुकुमासारखी. त्या पूर्णविरामातच खरी गंमत होती. आता तशीच वाक्यं फोनवर फिरत येतात. अक्षरं नागमोडी, इंद्रधनुषी, सावली पडलेली, आणि कोपऱ्यात डोळ्यांतून पाणी काढून हसणारा पिवळा चेहरा. वाक्य तेच असतं हो. पण ज्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही असा खाष्ट काका बाजूला सारून तिथं कुणीतरी विदूषक उभा केलेला असतो, आणि विदूषकानं टोमणा मारला तर तो लागत नाही.

अक्षरांना स्वभाव असतो, हे मला कमल शेडग्यांमुळे कळलं. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं मी कापून वहीत चिकटवत असे. काळ्या-पांढऱ्या, कॉलमभर जागेत नुसत्या अक्षरांच्या वळणांवरून नाटकाची जातकुळी कळायची. २०२० साली ते गेले तेव्हा मी ती वही काढून बसले होते. डिंक वाळून कात्रणं सुटी झाली होती.

साहेबी थाटातल्या विनोदातही हीच रीत. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली जन्मला तो एका टिपणवहीच्या निमित्तानं. कल्पना बॉबी कूका यांची, रेखाटन उमेश राव यांचं. भरघोस मिशा, पगडी, आणि कमरेत वाकून स्वागत. डोळे मिटलेले. राजा म्हणावा तर दारवानासारखा वाकलेला, दारवान म्हणावा तर पोशाख राजाचा. त्यानं जर डोळे उघडून आपल्याकडे मिश्कीलपणे पाहिलं असतं, तर तो दोन वर्षांत विस्मरणात गेला असता असं मला वाटतं. अमेरिकेत पॉल रँड यांनी आयबीएमसाठी १९८१ साली केलेलं पोस्टरही असंच: ‘आय’च्या जागी डोळा, ‘बी’च्या जागी मधमाशी, ‘एम’ मात्र कंपनीचा आपला पट्ट्यापट्ट्यांचा. आपल्या मुलांच्या मासिकांत चित्रकोडी असतात तसं हे कोडं. कर्मचारी आता बोधचिन्हाशी वाटेल ते खेळ करू लागतील या धास्तीनं ते लावायला आधी कंपनीतच कां-कू झाली म्हणतात. हे वाचलं आणि माझ्या डॉक्टरांना केवढी मोठी सोबत मिळाली असं झालं.

एवढं सगळं ठामपणे लिहिल्यावर अमूलची पोरगी समोर येऊन उभी राहते. १९६६ पासून ती हसते आहे, जिभल्या काय चाटते, डोळा काय मारते, आणि तरीही लोक तिच्यावर खूश. सिल्व्हेस्टर दाकुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांच्या या ठिपकेवाल्या फ्रॉकनं माझा नियम पार निकालात काढला. मी तिच्याशी तडजोड केली ती अशी: पोरगी हसते, पण कोटी समजावून सांगत नाही. आठवड्याची बातमी तुम्हांला ठाऊक आहे असं ती गृहीत धरते. जुनं होर्डिंग आज पाहिलं तर त्या आठवड्याचा पेपर शेजारी असल्याशिवाय अर्ध्या कोट्या कळत नाहीत. मांजर-उंदरांना मात्र पेपर लागत नाही.

आणि डॉक्टरांच्या बाबतीत मी पुरती बरोबर होते असंही नाही. काही महिन्यांनी आईची दाढ सुजली. गालाला उपरणं बांधून ती खुर्चीत बसली होती, आणि मी, काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, तिला तो नाकारलेला आराखडा दाखवला. तिनं एका डोळ्यानं पाहिला. “अगं, ‘वा’ राहिलाय,” म्हणाली. मी म्हटलं, “तीच तर गंमत आहे.” त्यावर ती जे म्हणाली ते सुजलेल्या गालामुळे नीट कळलं नाही, पण त्यात ‘गंमत’ हा शब्द होता आणि तो चांगल्या अर्थानं नव्हता. रात्री नऊला आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. गॉगलवाली दाढ ट्यूबलाइटच्या उजेडात रस्त्याच्या टोकापासून दिसत होती. आईनं बोट करून रिक्षावाल्याला सांगितलं, “ती बघा, तिथं.”

माझा तो आराखडा अजून माझ्याकडे आहे, ट्रेसिंग कागदावर, कडा पिवळ्या पडलेल्या. ‘मोहिनी’चा तो अंक मात्र मामांचं घर आवरताना ट्रंकेसकट रद्दीत गेला. तुमच्या माळ्यावर तसले जुने दिवाळी अंक असतील, आणि मुखपृष्ठ फाटलेलं नसेल, तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन. चहा करू नका, पाणी चालेल.