सगळे घरी असतात तेव्हा

शहरातले घर एका ठरलेल्या हिशोबावर चालते. घरातली सगळी माणसे दिवसभर घरात नसणार, हा तो हिशोब. एक जण सकाळची लोकल पकडतो, दुसऱ्याला शाळेची व्हॅन नेते, आजोबा बागेतल्या कट्ट्यावर जातात. मागे उरलेल्या दोन खोल्या उरलेल्या माणसांना पुरतात. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने हा हिशोब विस्कटला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून मुंबईची लोकल प्रवाशांसाठी थांबली. २३ तारखेला राज्यात संचारबंदी आली, तर २५ पासून देशभर २१ दिवसांची टाळेबंदी. त्या दिवशी नेमका गुढीपाडवा होता. अनेक घरांत गाठीची माळ आणि झेंडूची फुले मिळालीच नाहीत. सोसायटीच्या आवारातल्या कडुलिंबाच्या डहाळ्यावर आणि घरातल्या साखरेवर गुढी उभी राहिली.

महाराष्ट्राला साथ नवी नव्हती. १८९६-९७ च्या प्लेगात उंदीर मरून पडू लागले की लोक घराला कुलूप लावत आणि गावाबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत. त्या साथीपायी झालेला १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर निघाला, पण या खेपेला आज्ञा उलटी होती: घर सोडू नका.

पहिला प्रश्न जागेचा. वन रूम किचनमध्ये नवऱ्याची मीटिंग, मुलीचा तास, आजींची पोथी आणि कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी कशा बसवायच्या? इस्त्रीचे टेबल ऑफिस झाले, गॅलरीतला कपड्यांचा दोर जरा वर बांधला गेला, कॅमेऱ्यात दिसेल तेवढीच भिंत आवरली जाऊ लागली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एवढीही सोय नव्हती. तिथे माणसे एरवी अर्धे आयुष्य सामाईक गॅलरीत काढतात, आणि नेमके गॅलरीत जमायचे नाही असा दंडक होता.

दुसरा बदल उंबरठ्यावर झाला. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची झडती सुरू झाली. दाराबाहेर मीठ-सोड्याच्या पाण्याची बादली ठेवलेली असे. तीत भोपळी मिरच्या तरंगत, कोथिंबीर काळवंडून जाई. दुधाची पिशवी नळाखाली साबणाने धुतली जाई आणि सुटे पैसे गॅलरीत उन्हाला पडत. भाजी आणायला कोणी जायचे, यावर घराघरात वाद झाले. साठी ओलांडलेल्यांना जाऊ द्यायचे नव्हते आणि त्यांचाच त्या कामावर हक्क होता.

मग वेळेची घडी बसवणे आले. ऑफिसची वेळ संपेना आणि शाळेची सुरू होईना. २८ मार्चपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतले. सकाळी नऊ आणि रात्री नऊ या दोन वेळा तरी बऱ्याच घरांत पक्क्या झाल्या. जूनमध्ये ऑनलाइन वर्ग भरू लागले तेव्हा घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांचा की मुलांचा, हा नवा तंटा निघाला. कोकणात आणि घाटमाथ्यावर रेंज शोधत मुले डोंगराच्या टेपावर जाऊन बसली.

सर्वांत मोठी फेरवाटणी व्हायला हवी होती ती कामाची. सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना फाटकावरच अडवले. कुणी त्यांना घरबसल्या पगार दिला, कुणी दिला नाही. इकडे भांडी, झाडू-पोछा आणि धुणे घरच्यांच्या अंगावर आले. पुरुषांनी कणीक मळल्याचे फोटो पाठवले. चार माणसे चार वेळा खातात तेव्हा सिंक किती वेळा भरते, हे अनेकांनी प्रथमच पाहिले. पापड-कुरडयांच्या दिवसांत गच्चीला कुलूप असल्याने वाळवण खिडकीच्या ग्रिलवर चढले. मात्र कोंडलेपण सगळ्यांना सारखे मानवले नाही. ज्या घरात मारहाण होती, तिथल्या बाईला टाळेबंदीने माहेरची वाटही बंद केली. ज्यांचे घरच दूर होते, ते मजूर मुंबई-नाशिक महामार्गाने पायी निघाले. घरी बसण्यासाठी घर आणि महिन्याचा पगार, दोन्ही असावे लागतात.

जून २०२० पासून निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत गेले. मुंबईच्या लोकलमध्ये दोन लसमात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवेश मिळाला. दिवसभर रिकामे राहणारे घर परत आले, जुना हिशोब पुन्हा जुळला.

त्या दिवसांत घराने काय कमावले, याचे उत्तर निदान एका बाबतीत आकड्यांत मिळते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. मधल्या काळात टाळेबंदी होऊन गेली. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रीची मिनिटे २८९ भरली आणि पुरुषाची ८८. टाळेबंदीत हाती धरलेला झाडू बहुतेकांनी ती उठताच कोपऱ्यात ठेवून दिला, असाच याचा अर्थ निघतो.