सव्वा महिना आणि सुया

दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा बाळाचे ठोके थांबले. दुसऱ्या खेपेला तर पाचव्या महिन्यात. घरात कारणं तयार होती: जिना चढली, स्कूटरवर बसली, पपई खाल्ली. उपाय एकच, पडून राहा.

रक्ताच्या तपासण्या केल्यावर निघालं अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. शरीरच अशी प्रतिपिंडं बनवतं की रक्त गोठू पाहतं आणि वारेचं काम बिघडतं. डॉक्टरबाईंनी १२ आठवड्यांनी पुन्हा तपासायला लावलं, कारण साध्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी या आजाराचं वर्णन केलं ते १९८३ साली. त्याआधीच्या किती बायकांनी पपईचा दोष अंगावर घेतला असेल!

तिसऱ्या वेळी कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि रोज ४० मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन. सिरिंज भरलेलीच येते. आतला बुडबुडा काढायचा नाही, बेंबीपासून लांब पोटाची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ आत, औषध संपेपर्यंत चिमूट सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही. चोळलं की पोट काळंनिळं. न चोळताही होतंच म्हणा.

"अगं, बाळाला टोचेल," सासूबाई तोंड फिरवून म्हणायच्या. सुई चरबीतच राहते आणि हे औषध वार ओलांडत नाही, हे डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. माझं कोण ऐकतंय!

खरी खडाजंगी बाळंतपणानंतर झाली. प्रसूतीत रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गच गरोदर बाईचं रक्त लवकर गोठणारं करून ठेवतो, आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत सर्वांत जास्त. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. आमच्याकडे मात्र याच दिवसांत सव्वा महिना बाजेवर निजायचं, पाणी बेताचं प्यायचं. मी डिंकाचा लाडू खात गच्चीवर फेऱ्या मारायचे, इंजेक्शनं ६ आठवडे चालूच.

एका पोटरीला सूज आली किंवा एकाएकी दम लागला तर तडक या, असं बजावलं होतं. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं, की मालिशवाल्या मावशी यायच्या आधी त्या सुतळीने दोन्ही पोटऱ्या मापायच्या. एकदा डावी जाड भरली. मावशींना परत पाठवून मला रिक्षात घातलं. डॉप्लरमध्ये शीर मोकळी निघाली.

इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या मला कायमच्या वर्ज्य. तांबी बसवून घेतली.