मोती आणि धाकटी

बंगळूरला मल्लेश्वरमात बिऱ्हाड केले आणि आमच्या धाकटीला पहाटे धाप लागू लागली. आरोप मोतीवर आला. त्याला गावी धाडण्याचेही ठरले. डॉक्टरांनी सांगितले, की दोष केसांचा नसून कुत्र्याची लाळ व त्वचेचा कोंडा यांतील प्रथिनांचा असतो. म्हणजे आखूड केसांचा कुत्राही निर्दोष नव्हेच! धाकटीच्या त्वचाचाचणीत मोतीबरोबर गाजरगवताचे परागही निघाले. १९५५ साली पुण्यात आढळलेले हे गवत आता इथेही माजले आहे. तिकडे मोतीही पंजे चाटून लाल करी. पशुवैद्यांनी त्यालाही परागांचीच बाधा असावी असे सांगितले. मोतीचे जाणे टळले, परंतु निजण्याच्या खोलीत त्याला मज्जाव झाला. फिरून आल्यावर थोरला कुरकुरत त्याचे पाय धुतो. धाकटी खिडकीतून सूचना देते.