पुढची रांग

चि. बयो,



तुझा मजकूर तीनदा वाचला. व्हॉट्सॅपवर आला असला तरी मी त्याला पत्रच म्हणते. इतकं लांब हल्ली कोण लिहितं? राजापूरच्या पुढची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी मिळून एकतीस पोरं, राहायला कौलारू खोली आणि मालकीणबाईंच्या हातची कुळथाची पिठी. शिक्षणसेवकाला आणखी काय हवं! मानधनाचं तू लिहिलं नाहीस, म्हणजे ते वेळेवर येत नसणार. असो.

शेवटी तू गाणं सुचवायला सांगितलंस. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे, बारा मुलं बऱ्यापैकी नाचतात, त्यांचं एखादं कोळीगीत बसवायचं आहे. आणि जाता जाता लिहिलंस, ‘एक जण आहे, त्याला ताल कशाशी खातात तेच कळत नाही, त्याला पडद्याच्या दोरीवर ठेवलंय. खूश आहे.’

गाण्याचं नंतर बघू. मी त्या दोरीपाशीच अडखळले.

तुला माहीत आहे, महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली मी, आणि त्यातली निम्मी तरी माझी ओळख ‘लेझीमच्या बाई’ अशीच होती. चार आवाज, एक जागा, आदि लगाव, पवित्रा. अजून झोपेतसुद्धा म्हणेन. एका वर्षी माझ्याकडे एक मुलगा होता. सगळ्यांच्या लेझमा वाजून गेल्या की अर्ध्या मात्रेनं त्याची वाजायची, शांततेत, एकटी. विभागाची स्पर्धा तोंडावर आलेली. मी त्याच्या हातातली लेझीम काढून घेतली आणि शाळेच्या नावाची पाटी दिली. पथकाच्या पुढे चालायचं, पाटी सरळ धरायची. तोही खूश होता. आपला मुलगा सगळ्यांच्या पुढे चालला म्हणून त्याची आई दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आली. ते पेढे मी खाल्ले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हेच आता टोचतं. आम्ही दुसऱ्या आलो होतो, तेही सांगून टाकते.

ही जुनी गोष्ट वर आली ती न्यूयॉर्कमध्ये. तुझ्या दादाकडे क्वीन्सला होते तेव्हा नातू सरकारी शाळेत चौथीत होता. आठवड्यातून एकदा त्यांच्या वर्गाला नाच असायचा. भर शाळेच्या वेळात, गणित-इंग्रजीच्या तासांच्या मधोमध. फी नाही, निवड नाही. चौथीत आहेस म्हणजे नाचात आहेस. घरी स्वयंपाकघरात मला शिकवायचा, आणि मी चुकले की कमरेवर हात ठेवून म्हणायचा, ‘आजी, अगेन.’ त्याच्या नाचाच्या बाईंचीच ती लकब असणार.

वर्षअखेरीला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. मी सवयीनं पुढची रांग बघायला लागले, कुणाला घेतलंय, कुणाला टाळलंय. इतक्या वर्षांचा डोळा, तो सुटत नाही. पहिल्या रांगेत एक जाडसर मुलगी, एक चष्मेवाला, एक अगदीच हडकुळा. मनात म्हटलं, बाईंनी रांगा लावल्या तरी कशा? आणि दोन मिनिटांत त्या अख्ख्या रांगेनं नाचतनाचतच कडेनं मागे धाव घेतली, दुसरी रांग पुढे सरकली, मग तिसरी. कार्यक्रम संपेपर्यंत प्रत्येक पोर एकदा सगळ्यांत पुढे येऊन गेलं. एक मुलगा व्हीलचेअरवर होता, त्याची जोडीदारीण चाकाला हात लावून त्याच्यासोबत गिरकी घेत होती. स्पीकरवर गाणं नव्हतं. कडेला एक माणूस पियानो वाजवत होता, एक ड्रम, आणि दोघांची नजर मुलांच्या पायांवर होती.

हे चालवते ती संस्था म्हणजे नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट, सुरू झाली १९७६ साली. सुरू करणारा जाक दांब्वाज, न्यूयॉर्क सिटी बॅलेचा त्या काळचा मोठा नर्तक. तू ‘सत्ते पे सत्ता’ बघितलायस ना? तो ज्या इंग्रजी सिनेमावरून उचललाय, १९५४ चा, त्यातल्या सात भावांपैकी एक हा. त्याची कथा मोठी गमतीची आहे. मॅनहॅटनच्या वरच्या टोकाला, वॉशिंग्टन हाइट्समध्ये वाढलेला उनाड पोरगा. बहीण बॅलेच्या शिकवणीला जायची, आई त्यालाही फरफटत न्यायची. तो तिथे बसून सगळ्यांना छळायचा. शेवटी शिकवणीच्या बाईंनी, गप्प बसवायचा दुसरा उपाय नव्हता म्हणून असेल, त्याला मुलींबरोबर उड्या मारायला लावलं. तो मारायलाच लागला. पंधराव्या वर्षी, १९४९ मध्ये, तो जॉर्ज बॅलनशीनच्या कंपनीत, म्हणजे न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्येच, होता. त्याची आई तर अशी खमकी, की बॅलेला शोभेल म्हणून तिनं नवऱ्यासकट सगळ्या घराचं आडनाव बदलून स्वतःचं माहेरचं लावलं. आपल्याकडे असं करून बघ जरा!

तर या माणसाच्या डोक्यात बसलं, की आपल्याला जे सहज, फुकट, ओढत नेऊन मिळालं, ते बाकीच्या पोरांना का मिळू नये. सुरुवात केली ती फक्त मुलग्यांपासून. नाचणं हे पोरांचं काम नव्हे, ही समजूत तिकडेही होती. आपल्याकडे तर ‘नाच्या’ हा शब्द अजून शिवीसारखाच वापरतात आणि मुलींच्या बाबतीत ‘शाळेत काय नाचायला पाठवतो का’ हे वाक्य तू एव्हाना ऐकलं असशीलच. पुढे मुलीही आल्या. १९८३ साली एमिल अर्दोलिनोनं या वर्गांवर माहितीपट केला, त्याला ऑस्करही मिळालं. दादानं तो मला लावून दिला होता. त्यातला दांब्वाज भयंकर आहे गं. ओरडतो, थांबवतो, नक्कल करतो, पुन्हा करायला लावतो. ‘मुलांना मजा आली म्हणजे झालं’ असलं काही नाही. ज्या पोराकडून कुणी काही मागितलेलंच नाही, त्याच्याकडून तो अचूक पाऊल मागतो.

त्यानं स्वतः लिहिलेला एक प्रसंग आहे, तो तुझ्यासाठी. एक मुलगा, ज्याचे पाय आणि संगीत यांचा काही संबंध नाही. उजव्या पायानं सुरुवात करायची, एवढंच, तेही जमेना. बाकीची मुलं हसायला लागली. मी असते तर त्याला तिथूनच वाचवलं असतं, म्हणजे पाटी दिली असती. यानं त्याला पुन्हा करायला लावलं. पुन्हा. पुन्हा. सगळ्यांसमोर. कितीतरी वेळानं त्याचा उजवा पाय नेमक्या वेळी पडला आणि जी हसत होती तीच पोरं टाळ्या पिटायला लागली. मला वाचताना दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, हा क्रूरपणा आहे. दोन, त्या मुलाला दोरीवर ठेवण्यात याहून जास्त क्रूरपणा आहे, फक्त तो दिसत नाही, कारण मूल खूश असतं.

या संस्थेत पुढचं, जरा वरच्या पातळीचं शिक्षण मिळतं त्या गटाच्या लांबलचक नावात तीन विशेषणं आहेत, इच्छा असलेला, काही साध्य करणारा, गुणी. इच्छा पहिली आणि गुण शेवटी. कुणी मुद्दाम तसं लावलं की इंग्रजी आद्याक्षरं जुळवायला, कोण जाणे; मला आवडलं.

आता ‘फी नाही’ या शब्दांचं बघ. तू म्हणशील, माझ्या शाळेत तरी कुठे फी आहे? फी नाही, पण ड्रेपरी आहे. कोळणीच्या लुगड्याचं आणि टोपीचं भाडं कोण देणार? मी वर्गात उभं राहून सांगायची, ‘नाचात आहेत त्यांनी ड्रेपरीचे पैसे सोमवारपर्यंत आणा.’ सोमवारी दोघी-तिघी आपण होऊन सांगायच्या, ‘बाई, माझा पाय दुखतोय, मी नाही नाचत.’ दरवर्षी ठराविक घरांतल्या मुलींचेच पाय दुखायचे. आणि सराव शाळा सुटल्यावर ठेवलास तर लांबच्या वाडीवरचं पोर कटलंच, त्याला घरी जाऊन धाकट्याला सांभाळायचं असतं. म्हणून नाच शाळेच्या वेळात हवा. क्वीन्समध्ये मुलांच्या अंगावर सगळ्यांचा सारखा साधा टी-शर्ट होता, बस्स.

पण तिकडचं सगळंच डोक्यावर घेऊ नकोस. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं. हजारो शिक्षकांना घरी बसवलं आणि कुऱ्हाड आधी पडली ती चित्रकला-संगीतावर. त्या मोकळ्या झालेल्या जागेत वर्षभरात ही संस्था उभी राहिली. म्हणजे सरकारनं सोडून दिलेलं काम देणगीदारांच्या पैशांवर उभं राहिलं आणि सतत देणग्या मागत राहिलं. १९९९ मध्ये, वयाच्या पासष्टीला, गुडघ्यांची वाट लागलेली असताना दांब्वाजनं पैसे जमवायला अ‍ॅपलाचियन ट्रेलची दोन हजार मैलांहून लांब डोंगरवाट चालून काढली. वाटेत भेटेल त्याला एक छोटा नाच शिकवत. हार्लेममधल्या, बंद पडलेल्या एका जुन्या सरकारी शाळेच्याच इमारतीत २०११ मध्ये संस्थेला हक्काची जागा झाली. २०२१ साली तो गेला, वर्ग चालू आहेत. मला त्याचं कौतुक आहे, पण मुलांनी नाच शिकावा म्हणून एका म्हाताऱ्यानं डोंगर का चढायचे, हा प्रश्नही आहे.

आपल्याकडे निदान कायद्यात तरी लिहिलंय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितलाय, पण सहावी ते आठवीच्या वर्गांना आणि पट शंभराच्या वर असेल तरच. तुझी एकतीस पोरं त्यात कुठेच बसत नाहीत. तेव्हा वाट बघू नकोस.

आणि तुला वाट बघायची गरजही नाही. भाद्रपदात तू तिथे नव्हतीस, नाहीतर मला गाणं विचारलं नसतंस. गौरी-गणपतीत तुझ्या शाळेतल्या पोरांचे बाप, काके, मुंबईहून सुट्टी टाकून आलेले मामे, घरोघर फिरून रात्रभर जाखडी नाचतात. शाहीर आणि मृदंगवाला मध्ये बसतात, पायात चाळ बांधून बाकीचे भोवती फिरतात. मी आजोळी लहानपणी खळ्यात घोंगडीवर बसून बघितलीय, डोळे मिटायला लागले तरी उठायची नाही. मुंबईत याच नाचाला ‘बाल्या डान्स’ म्हणून हसायचे, आणि मीही शाळेत कधी तो बसवला नाही. गॅदरिंगला बरा दिसत नाही म्हणे.

क्वीन्सच्या त्या हॉलमध्ये रांगा मागेपुढे होताना बघून मला आधी त्या बाईंचं कौतुक वाटलं आणि घरी येताना बसमध्ये एकदम खळं आठवलं. जाखडीत पुढची रांग नसतेच गं. रिंगण असतं. जो आत्ता तुमच्या समोर आहे तो चार पावलांनी पलीकडे गेलेला असतो.

तेव्हा पेनड्राइव्ह बाजूला ठेव. रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही, चुकलेलं पोर चुकलेलंच राहतं. मृदंगवाला थांबतो. गावात कोण वाजवतो ते मालकीणबाईंना विचार, त्यांना नक्की ठाऊक असेल. आठवड्यातून एक दिवस, मधल्या सुट्टीनंतरचा तास, एकतीसच्या एकतीस. पहिला महिनाभर गाणं नको, नुसतं चालणं. मृदंगावर चालायचं, थाप थांबली की थांबायचं. पहिलीतली पडतील, पडू देत. पालक विचारतील तेव्हा सांग की वर्ग स्तब्ध उभा राहायला शिकतोय. हे ऐकून कुणी नाही म्हणत नाही. जानेवारीत काय दिसेल ते दिसेल. केंद्रप्रमुखांना कोळीगीत हवं असेल तर त्यांना म्हणावं, पुढच्या वर्षी.

मृदंगवाल्याला फुकट बोलावू नकोस. शिकवणारा कुणी उपकारानं आलेला नसावा, मुलांना ते कळतं. पहिले तीन महिने त्याचं मानधन मी पाठवते, पेन्शनमधून मला जड नाही. (दांब्वाजवर टीका करून मीही देणगीदारच झाले, हसू नकोस.) चौथ्या महिन्यापासून शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांड, लेखी, आणि इतिवृत्तात नोंद करून घे. हो म्हणाले तर कळव. नाही म्हणाले तर पुढच्या बैठकीला मी स्वतः येईन, एसटीनं.

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती म्हणेल ताई पोरीच्या नोकरीवर गदा आणणार.

आणि एक राहिलं. अख्ख्या पत्रात तू बारा जणांची नावं लिहिलीस, कोण कशी गिरकी घेते तेही लिहिलंस. पडद्यावाल्याचं नाव लिहिलं नाहीस. माझ्या पाटीवाल्याचं नाव मला आता आठवत नाही, हजेरीपट डोळ्यांपुढे आणून बघितला तरी नाही. याचं तू लगेच लिहून पाठव.

तुझी,
मावशी