चिमट्याचा ठेका

माझ्या पहिल्या लघुपटाच्या वेळी मी संगीतकार शोधायला निघालो तो एडिट संपल्यावर. घर बांधून, रंग देऊन झाला आणि मग वायरमनला फोन केला, असला प्रकार. एडिट करताना प्रसंगांखाली एका गाजलेल्या परदेशी सिनेमाचा पियानो घालून ठेवला होता. तात्पुरता म्हणून.

हे तात्पुरतं संगीत फार लबाड. महिनाभर तेच कानावर पडलं की दुसरं काही गोडच लागत नाही. संगीतकार नवी चाल घेऊन यायचा आणि मी म्हणायचो, "छान आहे, पण…" चौथ्या 'पण'ला त्यानं फोन उचलणं बंद केलं. बरोबरच होतं त्याचं. कुब्रिकनं '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) अ‍ॅलेक्स नॉर्थनं लिहिलेलं संगीत बाजूला सारून एडिटच्या वेळचंच ठेवलं होतं; पण त्याच्यामागे त्या संगीताचे हक्क विकत घेणारा स्टुडिओ होता. माझ्याकडे हक्कही नव्हते आणि आता संगीतकारही नव्हता.

दुसऱ्या लघुपटाला शहाणा झालो. संहिता हातात असतानाच पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांना भरत नाट्य मंदिरात जाऊन बसलो. सगळे नट बघत होते, माझे कान विंगेत. एका एकांकिकेत आई मुलाचं पत्र वाचते. अशा जागी बासरी सोडायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. इथं पेटीचा एकच सूर आला, आणि ती पान उलटायच्या आत थांबला. कुठे वाजवायचं हे पुष्कळांना कळतं. कुठे हात काढून घ्यायचा हे कळणारा पोरगा सापडला होता.

बाहेर चहाच्या टपरीवर त्याला गाठलं. पैशांचं पहिल्याच चहाला बोललो: रक्कम, निम्मी आगाऊ, किती वेळा बदल मागणार, हक्क कुणाकडे राहणार. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. मैत्रीत कसला कागद, म्हणणाऱ्यांच्या मैत्र्या मी तुटताना पाहिल्यात.

गोष्ट एका निवृत्त एस.टी. कंडक्टरची. मी त्या पोराला "इथं सारंगी हवी" वगैरे सांगायला लागलो, तर म्हणाला, "दादा, वाद्याचं माझ्यावर सोडा. त्या माणसाचं काय होतंय ते सांगा." मला धड सांगता येईना. संहितेतलं ते पान मी त्या रात्री पुन्हा लिहिलं.

शूटिंगला तो दोन दिवस नुसता बसून होता. कंडक्टर झालेले आमचे नट दोन टेकच्या मध्ये तिकिटं टोचायचा जुना चिमटा हातात खेळवत बसायचे. टिक-टिक, टिक. साउंडवाला वैतागलेला. यानं मात्र तो आवाज फोनवर टिपून घेतला.

पुढे एडिट कायम झाल्यावर आम्ही एकेक जागा धरून बसलो. प्रत्येक जागेला त्याचा एकच प्रश्न: "इथं संगीत नसेल तर काय बिघडेल?" सहा ठिकाणी मला उत्तर देता आलं नाही. ती सहा गेली.

शेवटचा प्रसंग आगारातला. म्हातारा चिमटा टेबलावर ठेवतो आणि निघतो. मला तिथं सगळं दाटून यायला हवं होतं. 'पथेर पांचाली'चा दाखला दिला. लेक दुर्गा गेल्याचं हरिहरला कळतं तेव्हा तिच्या आईचा, सर्वजयाचा टाहो सत्यजित राय ऐकूच देत नाहीत, त्या जागी तारशहनाई वाजते. रविशंकरांना वेळ नव्हता, बहुतेक संगीत एका रात्रीत ध्वनिमुद्रित झालं, हेही ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "तिथं बाई रडतेय, दादा. तुमचा म्हातारा रडत नाहीये."

त्यानं चिमट्याची टिकटिक दिमडीच्या ठेक्यात अशी मिसळली होती की सिनेमाभर ती वाद्यच वाटते. आगारात चिमटा टेबलावर टेकला की ठेका तुटतो. त्यानंतर फक्त बसचं इंजिन. तेही शूटिंगच्या दिवसाचंच.

चौदा मिनिटांच्या फिल्ममध्ये संगीत उरलं दोन मिनिटं दहा सेकंद. मानधन ठरलं तेवढं पूर्ण दिलं.