खंबाटकी चढण्याआधी

शिरवळ

चि. मुक्तास,


तू दोनशे किलोमीटरची बीआरएम सायकलफेरी करणार, हे वाचून फार आनंद झाला. कार्बनची सायकल घेऊ का, असं विचारलंयस. आत्ता नको. वजन किलोभर घटलं, तरी तू आणि सायकल मिळून सत्तर किलोंत ते जेमतेम दीड टक्का. खंबाटकी घाटाचा चढ पंधरा मिनिटांचा धरला, तर बारा-तेरा सेकंद वाचतील. टूर द फ्रान्समध्ये तेवढ्याने निकाल फिरतो. बीआरएम ही शर्यत नाहीच. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, थांबे धरून ताशी पंधराचा वेग पुरतो.

त्यापेक्षा टायर बदल. पूर्वी 23 मिलिमीटरच्या टायरवर धावणारे व्यावसायिक सायकलपटू आता 28 किंवा त्याहून रुंद वापरतात. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, म्हणून तो खडबडीत रस्त्यावर उसळत नाही आणि पायांची ताकद वाया जात नाही. आपल्या सर्व्हिस रोडला हेच हवं. उरलेल्या पैशांत चांगले दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट घे.

उतारावर मात्र व्यावसायिकांचं अनुकरण करू नकोस. सायकलच्या दांडीवर बसून अंग दुमडण्याची पद्धत यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 2021 मध्ये बंद केली. 2023 च्या टूर द स्वीस शर्यतीत जीनो मेडर हा सायकलपटू उतारावरून दरीत कोसळला आणि त्यातच गेला. अवघा 26 वर्षांचा होता. आणि शर्यतीत त्यांच्यासाठी रस्ता रिकामा असतो. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही शर्यत नीरा नदीपलीकडे भोर तालुक्यातून गेली, तेव्हाही वाहतूक थांबवली होती. आपल्या शेजारून ट्रक जातात. खंबाटकीच्या बोगद्यापुढच्या एस वळणावर किती अपघात झालेत, तुला ठाऊक आहे. वळणाच्या आधीच ब्रेक लाव, वळणात नको.

आडवा वारा सुटला की व्यावसायिक रस्ताभर तिरकी रांग धरतात. हायवेवर तसं जमणार नाही. एकामागे एक, कडेनेच चालायचं. समोरून वारा असेल, तर पुढच्याच्या चाकाजवळ राहिल्याने मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. पण पुढे राहण्याची पाळी सगळ्यांनी घ्यायची. दमलेल्याला आडोसा देणं ही या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे, आणि त्याला महागडी सायकल लागत नाही.

रविवारी पहाटे ये. नीरेच्या पुलापासून सराव सुरू करू. पहिली पाळी माझी.

तुझी,
आत्या