नेम चुकला
बी.ए.ला इंग्रजी घेतलं, तर नाटकाआधी नाटकाच्या शब्दांनीच घाम फोडला. सॉलिलक्वी म्हणजे स्वगत, हे कळलं. असाइड म्हणजे शेजारच्या पात्राला न ऐकवता प्रेक्षकांना हळूच सांगणं. तमाशातला सोंगाड्या तेच करतो. पण हॅमर्शिया काही डोक्यात शिरेना. गाइडात लिहिलेलं, 'नायकाचा दोष'. सर म्हणाले, "ॲरिस्टॉटलचा ग्रीक शब्द आहे. मूळ अर्थ नेम चुकणं. पाप नव्हे."

मग 'किंग लिअर' शिकवलं. १६०६ साली इंग्लंडच्या राजदरबारात झालेलं नाटक. ऐंशी ओलांडलेला राजा तिघी मुलींना राज्य वाटायला बसतो आणि कुणाची माया किती, ते बोलण्यावरून तोलतो. धाकटी गोड बोलत नाही, तिला काहीच नाही. थोरल्या दोघींकडे महिना-महिना राहायचं ठरतं. शेवटी भर वादळात म्हातारा बाहेर.

मी बाकावर सुन्न. आमच्या आबांनी हयातीतच जमीन तिघा लेकांच्या नावावर केलेली, अन् महिन्याच्या पाळीनं जेवत होते. गाव म्हणायचं, "म्हातारं येडं." मला ते येडे वाटेनात. बाण मायेचाच होता, नेम तेवढा चुकला.

रात्री दादांना सगळी गोष्ट सांगितली.

"राजानं सातबारा तरी सोताच्या नावावर ठिवायचा की रं," ते हसत म्हणाले, अन् एकदम गप्प झाले.

तेव्हा पाळी धाकट्या चुलत्याकडं होती. सकाळी दादा गेले आणि आबांची वळकटी खांद्यावर घेऊन आले. ती परत कुठं गेली नाही.